लाईट घेतल्यावर पाळी गेली, पुढे काय?

वाचकांचे प्रश्न, स्त्रीरोगतज्ज्ञांची उत्तरं

मागे एका अंकात मी गर्भाशयमुखाच्या तपासणीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये तपासणीबद्दल विचारणारी पत्रं थोडीच होती. बाकीच्या बायकांचे कॅन्सरचे उपचार, मुख्यतः लाईट (म्हणजे किरणांचा उपचार, रेडिएशन), उरकलेले आहेत, आजार गेला आहे, आणि तरी त्यांना बरं वाटत नाही. अंगाची आग होते, रात्रभर डोळा लागत नाही, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, आणि हे विचारावं कुणाला ते समजत नाही. या महिन्याचं सगळं सदर त्यांच्यासाठी आहे. पत्रं जरा आखूड केली आहेत आणि गावांची नावं काढली आहेत.

डॉक्टरताई, माझं वय ३८. मागच्या वर्षी पाळी नसताना अंगावरून जायला लागलं. तपासणीत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, दुसऱ्या स्टेजचा. ऑपरेशन केलं नाही. २५ लाईट घेतल्या, दर आठवड्याला केमोचं सलाईन आणि शेवटी आतून लाईट. आता तपासणीत आजार नाही म्हणतात. पण लाईट चालू असतानाच पाळी बंद झाली ती पुन्हा आलीच नाही. छातीपासून वर वाफा येतात, तोंड लाल होतं, रात्री गाऊन ओला होऊन दोनदा बदलावा लागतो. बारीकसारीक गोष्टीवरून मुलांवर ओरडते आणि मग रडत बसते. सासूबाई म्हणतात, आमचीही गेली पंचेचाळीसला, त्यात काय एवढं. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सर झालेल्या बाईला हार्मोन देता येत नाहीत, सहन करा. खरंच काही करता येत नाही का? (धाराशिव जिल्हा)

ताई, करता येतं. तुमच्या बाबतीत तर केलंच पाहिजे.

आधी काय झालं ते सांगते, कारण तुम्हाला ते कुणी समजावून सांगितलेलं दिसत नाही. अंडाशय पिशवीच्या दोन्ही बाजूंना असतात. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला ओटीपोटावर बाहेरून जी लाईट देतात, तिच्या वाटेतच ते येतात. ही लाईट ग्रे या मापात मोजतात. पाच आठवड्यांत मिळून साधारण ४५ ते ५० ग्रे दिली जाते. अंडाशयातली अंडी इतकी नाजूक असतात की त्यातली निम्मी संपायला २ ग्रेसुद्धा लागत नाही. म्हणजे आजार बरा करणारी लाईट अंडाशय बंद पाडणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. त्यात तुमची किंवा डॉक्टरांची काही चूक नाही. पण याची कल्पना तुम्हाला पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हा परिच्छेद वाचून दाखवा. त्यांची पाळी पंचेचाळिशीत गेली ती आपल्याकडच्या रीतीप्रमाणेच. भारतात बहुतेक बायकांची पाळी ४६-४७ च्या आसपास जाते, आणि जाताना दोन-चार वर्षं मागेपुढे होत जाते. तेवढ्यात शरीर सावरून घेतं. सुनेच्या शरीरातलं इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात तयार होणारं बाईचं हार्मोन, काही आठवड्यांत तळाला गेलं, तेही आठ-नऊ वर्षं आधी आणि केमोच्या थकव्यात. तिची आग जास्त आहे, तिचा राग तिच्या हातात नाही, आणि पुढची दहा वर्षं तिची हाडं आणि हृदय इस्ट्रोजेनशिवाय राहणार आहेत. चाळिशीच्या आत पाळी गेली आणि उपचार झाले नाहीत, तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून 'सहन करा' हा सल्ला मला पटत नाही. वाफा सहन होतीलही, हाडांची झीज मात्र कळतच नाही.

आता 'कॅन्सर झालेल्या बाईला हार्मोन नाही' याबद्दल. ही भीती मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरवरून आली आहे. तिथे ती रास्त आहे, कारण स्तनाचे बरेचसे कॅन्सर इस्ट्रोजेनवर वाढतात. दुसरं कारण २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास. त्यात हार्मोन घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर आणि रक्ताच्या गाठी थोड्या जास्त आढळल्या, आणि जगभरच्या डॉक्टरांनी हात आखडते घेतले. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. त्यांची पाळी नैसर्गिकरीत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांना हार्मोन वरून जादा दिले जात होते. ३८ व्या वर्षी तुमच्या शरीरात जे असायलाच हवं होतं आणि लाईटमुळे गेलं, ते परत भरून देणं वेगळं. थायरॉईडची ग्रंथी काम करेनाशी झाली की आपण रोज सकाळी गोळी घेतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हे त्याच जातीचं आहे.

तुमच्या फाईलमध्ये बायॉप्सीचा कागद असेल, तो काढा. त्यावर 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' असं लिहिलेलं असण्याची शक्यता जास्त, कारण पिशवीच्या तोंडाचे बहुतेक कॅन्सर त्याच प्रकारचे असतात. हा प्रकार इस्ट्रोजेनवर पोसला जात नाही, आणि हार्मोन घेतल्यानं तो परत येतो असं दिसलेलं नाही. 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा' लिहिलेलं असेल तरी दार बंद होत नाही. फक्त त्या वेळी औषधाची निवड कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून करावी लागते.

एक गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा आणि डॉक्टरांनाही आवर्जून सांगा: तुमची पिशवी जागेवर आहे. लाईटनं आतलं अस्तर जळून जातं असं समजून काही वेळा नुसतं इस्ट्रोजेन लिहून दिलं जातं. पण अस्तराच्या काही पेशी जिवंत राहिलेल्या असू शकतात, आणि नुसत्या इस्ट्रोजेनवर त्या वाढत जातात. म्हणून पिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तराची वाढ आवरणारं दुसरं हार्मोन, हवंच. ज्यांची पिशवी काढलेली आहे, त्यांना सहसा एकट्या इस्ट्रोजेनवर भागतं.

मी स्वतः अशा पेशंटना शक्यतो इस्ट्रोजेनचं जेल देते. रोज दंडाला किंवा मांडीला चोळायचं. कातडीतून जात असल्यामुळे रक्ताच्या गाठीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. सोबत रात्री झोपताना प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, तिनं झोपही जरा बरी लागते. जेल परवडत नसेल किंवा तालुक्याला मिळत नसेल तर गोळीही चालते, नुसतं बसून राहण्यापेक्षा ती कितीतरी बरी. तुमच्या वयाला पन्नाशीतल्या बाईपेक्षा थोडा जास्त डोस लागतो, त्यामुळे पहिल्या डोसनं वाफा थांबल्या नाहीत तर औषध कुचकामी आहे असं समजू नका. तीन महिन्यांनी परत दाखवा, डोस बदलता येतो. आणि हे सहा महिन्यांत सोडायचं औषध नव्हे. साधारण पन्नाशीपर्यंत, म्हणजे नैसर्गिक पाळी ज्या वयात गेली असती तोवर, ते घ्यायचं असतं.

सुरू करण्याआधी बीपी, साखर, चरबी आणि थायरॉईड तपासून घ्या. थायरॉईड वाढलं तरी असाच घाम येतो. पूर्वी पायात रक्ताची गाठ झाली असेल, यकृताचा आजार असेल, स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा घरात बऱ्याच जणींना झाला असेल, तर ते लपवू नका. डॉक्टरांना शंका असेल तर एफएसएच ही रक्ताची तपासणी करून घ्या. लाईटनंतर अस्तरच खराब झालेलं असल्यामुळे नुसती पाळी न येण्यावरून अंडाशयांचं काम समजत नाही, या तपासणीवरून समजतं.

काही कारणानं हार्मोन घेता आले नाहीत, तर वाफांसाठी दुसरी औषधं आहेत. व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्याचं औषध लहान डोसमध्ये वाफा कमी करतं. रात्रीचा घाम जास्त असेल तर झोपताना गॅबापेन्टिन देतात, त्यानं सकाळी थोडी गुंगी राहू शकते. ऑक्सिब्युटिनिन हे लघवीच्या घाईचं औषधही उपयोगी पडतं, त्यानं तोंडाला कोरड पडते. समुपदेशक असेल तर विचार आणि वर्तनावरच्या उपचारांनीही वाफांचा जाच कमी होतो. ही सगळी औषधं वाफांवर आहेत, हाडं राखायला त्यांचा उपयोग नाही. आणि मिश्री लावत असाल तर ती सोडा. मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि हाडं नि हृदय आधीच उघड्यावर असताना तंबाखू घरात नको.

तुमच्या भागाबद्दल एक सांगावंसं वाटतं. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांनी एका अभ्यासात भाग घेतला. त्यातून २००९ साली जगाला समजलं की एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी केली तरी या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. आज जगभर ही तपासणी सुचवली जाते त्यामागे तुमच्या भागातल्या बायका आहेत. त्याच भागातल्या ३८ वर्षांच्या बाईला उपचारांनंतर 'सहन करा' ऐकावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. लाईटच्या शेवटच्या दिवशी, पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक बाईच्या कार्डावर एक ओळ असलीच पाहिजे: पाळी गेली आहे, हार्मोन देण्यास हरकत आहे किंवा नाही. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ही ओळ मागून घ्या, सही-शिक्क्यासह. तालुक्याच्या डॉक्टरांना एकदा ती कागदावर दिसली की औषध लिहायला ते कचरणार नाहीत.

मॅडम, हे पत्र मी माझ्या पत्नीबद्दल लिहितोय, तिला सांगूनच. तिचं वय ४४. पिशवीच्या तोंडाला कॅन्सर होता, लाईट आणि आतली लाईट होऊन दहा महिने झाले. दोनदा जवळ आलो, तिला फार दुखलं आणि थोडं रक्त आलं. तेव्हापासून आम्ही दोघंही घाबरतो. तिच्या आईनं सांगितलंय की लाईट अंगात राहते, दूर झोपा. मला कॅन्सर लागेल का, असंही मनात येतं आणि लाज वाटते. दवाखान्यातून प्लास्टिकच्या नळ्यांचा डबा मिळाला होता, कशासाठी ते नीट कुणी सांगितलं नाही, तो कपाटात आहे. (कोल्हापूर जिल्हा)

दादा, तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. लाजण्यासारखं यात काहीच नाही.

लाईट अंगात राहत नाही. बाहेरची लाईट मशीन बंद झालं की संपते, एक्स-रेसारखी. आतल्या लाईटच्या वेळी नळीतून किरणांचा एक बारीकसा स्रोत काही मिनिटांसाठी आत जातो आणि परत मशीनमध्ये येतो. घरी येताना तुमच्या पत्नीच्या अंगात काहीही नव्हतं. तुम्ही एका अंथरुणात झोपा, नातवंडांना मांडीवर घेऊ द्या. कॅन्सरही एकाचा दुसऱ्याला लागत नाही. या कॅन्सरच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो हे खरं, पण तो आयुष्यात कधी ना कधी बहुतेक स्त्री-पुरुषांना होऊन गेलेला असतो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप जातो. तो कुणाकडून कुणाकडे आला हे शोधण्यात अर्थ नाही. त्यावरून घरात संशयाचं वारं शिरलं असेल तर ते आजच बाहेर काढा.

दुखण्याची कारणं दोन आहेत आणि ती एकत्र येतात. इस्ट्रोजेन गेल्यामुळे योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, आणि लाईटमुळे आतल्या भिंती घट्ट होतात, एकमेकींना चिकटतात, मार्ग अरुंद आणि आखूड होतो. तो मोकळा ठेवण्यासाठीच कपाटातला डबा दिला होता. त्या नळ्यांना डायलेटर म्हणतात. संबंधाची इच्छा असो वा नसो, त्यांचा उपयोग आहे, कारण मार्ग बंद झाला तर डॉक्टरांना आतून तपासताच येत नाही आणि आजार परतला तरी कळायला उशीर होतो. हे मी पन्नाशी-साठीच्या बायकांनाही सांगते. त्यांना वाटतं, आता या वयात आपल्याला काय करायचंय.

लाईट संपल्यावर साधारण महिन्याभरानं, डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं की डायलेटर सुरू करायचे असतात. दहा महिने गेले आहेत, तेव्हा आधी आतून तपासून घ्या. चिकटलेला भाग घरी जोरानं मोकळा करायला जाऊ नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की सगळ्यांत बारीक नळी घ्यायची, साबण-पाण्यानं धुवायची, तिच्यावर पाण्यात विरघळणारी जेली लावायची. पाठीवर झोपून गुडघे वर घ्यायचे, श्वास सोडताना हळूच आत सरकवायची. अडेल तिथे थांबायचं, पाच-दहा मिनिटं तशीच ठेवायची आणि हलक्या हातानं गोल फिरवत बाहेर काढायची. आठवड्यातून दोन-तीन वेळा. एक नळी सहज जायला लागली की पुढची. निदान दोन वर्षं तरी सोडू नये. पुसताना रक्ताचा डाग दिसला तर घाबरू नका, जास्त रक्त आलं तर थांबून दाखवा. तिच्या हाताला जमत नसेल किंवा एकटीनं भीती वाटत असेल तर सोबत बसा. काही जोडप्यांना त्यानं धीर येतो. काही बायकांना मात्र तेवढा वेळ एकटीचा हवा असतो, तसं असेल तर दार लावून घेऊ द्या.

यासोबत योनीत लावायचं इस्ट्रिऑलचं क्रीम डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा, असा साधारण क्रम असतो. त्यातलं फार थोडं औषध रक्तात जातं. तुमच्या पत्नीचं वय ४४ आहे, म्हणजे पहिल्या पत्रातल्या ताईंना हार्मोनबद्दल जे सांगितलं ते त्यांनाही लागू आहे, ते दोघांनी मिळून वाचा. हे क्रीम आणि कातडीला चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल एकमेकांच्या जागी वापरायची नाहीत, पुष्कळदा दोन्ही लागतात. संबंधाच्या वेळी वेगळी जेली लागेलच, आणि निरोध वापरत असाल तर त्याच्यासोबत खोबरेल तेल नको, रबर फाटतं.

रक्ताबद्दल. लाईटनंतर आतल्या बारीक रक्तवाहिन्या ठिसूळ होतात, त्यामुळे संबंधानंतर थोडं रक्त येणं बऱ्याचदा त्यातलंच असतं. पण हे डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहून सांगायचं, आपण घरी ठरवायचं नाही. या आठवड्यातच जा.

आणि घाई करू नका. तुम्ही दोघं महिनाभर फक्त हातात हात घेऊन झोपलात तरी चालेल. मात्र कारण न सांगता दूर झोपत राहिलात तर तिला वाटेल की तुम्हाला तिची किळस आली आहे. माझ्या ओपीडीत बायका रडतात त्या बऱ्याचदा याच कारणानं, आणि त्यांच्या नवऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

आईचं वय ५७. दोन वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झाला, पिशवी काढली, नंतर लाईट दिली. पाळी आधीच गेली होती. तीन महिन्यांपासून कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर खूप दुखतं. मांडी घालून बसता येत नाही, झोपली की बरं वाटतं. नातेवाईक म्हणतात कॅन्सर हाडात गेला. दुसरे म्हणतात, वैदूकडून हाड बसवून घ्या. मी घाबरून गेले आहे. (नाशिक)

आधी एक काम करा: कुणालाही त्या जागेला हात लावू देऊ नका. मालीश नाही, हाड बसवणं नाही, पाठीवर पाय देणं नाही.

तुम्ही जे लिहिलंय, त्यात कॅन्सरशिवाय आणखी एक शक्यता आहे आणि ती बऱ्याचदा खरी निघते. ओटीपोटावर लाईट घेतल्यानंतर पहिल्या दोन-तीन वर्षांत कमरेच्या मागच्या मोठ्या हाडाला, म्हणजे त्रिकास्थीला, बारीक तडे जाऊ शकतात. पडावं लागत नाही, मार लागावा लागत नाही. लाईटनं हाडाची ताकद कमी झालेली असते, त्यात पाळी गेल्यावरची झीज, आणि नुसत्या चालण्या-बसण्याचा भार त्याला पेलत नाही. उभं राहिलं, बसलं की दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, ही त्याची ओळख. साध्या एक्स-रेमध्ये हे तडे बऱ्याचदा दिसत नाहीत. एमआरआय करून घ्या आणि तो पाहणाऱ्या डॉक्टरांना 'ओटीपोटावर लाईट झाली आहे' हे लेखी कळवा. ही माहिती नसेल तर या तड्यांचा डाग पाहून कॅन्सर पसरल्याचा चुकीचा अर्थ निघू शकतो. उलटही होऊ शकतं, म्हणून तपासणी टाळायची नाही.

तडा निघाला तर बहुतेक वेळा विश्रांती, वेदनाशामक आणि काठीच्या आधारानं तो काही महिन्यांत भरून येतो. सोबत डेक्सा स्कॅन करून हाडांची घनता पाहा आणि रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासा. ऊन भरपूर असूनही आपल्याकडच्या बायकांमध्ये ते कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. हाडं मजबूत करणारी झोलेड्रोनेटसारखी औषधं लागू शकतात. ती सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, कारण हे औषध घेताना दात काढावा लागला तर जबडा भरायला त्रास होऊ शकतो.

कॅल्शियम रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम जायला हवं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, कपभर दुधात दोनशेच्या वर. नाचणीची भाकरी किंवा आंबील, दोन वेळा दूध-ताक आणि चमचाभर तीळ रोज असेल तर बराच पल्ला गाठला जातो, उरलेलं गोळीतून द्या. दुखणं कमी झालं की रोज चालायला लावा.

तुमच्या आईला वाफा वगैरे नाहीत असं दिसतं, आणि त्यांच्या बाबतीत इस्ट्रोजेनकडे मी वळणार नाही. अस्तराचा कॅन्सर पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपेक्षा वेगळा आहे, तो इस्ट्रोजेनवर वाढू शकतो. शेजारच्या बाईला दिलेलं औषध आपल्यालाही चालेल असं इथे अजिबात धरून चालू नका.

माझ्या बहिणीचं वय ३१, लग्न ठरलेलं आहे. गुदाशयाचा कॅन्सर निघाला. तीन आठवड्यांनी लाईट सुरू करणार आहेत. लाईटनंतर पाळी जाईल असं तिनं कुठेतरी वाचलं. आता काही करता येईल का? (नांदेड)

यांना मी उत्तर लगेच कळवलं आहे, थांबायला वेळ नव्हता. इथे छापते आहे ते इतरांसाठी.

लाईट सुरू होण्याआधी दोन गोष्टी विचारता येतात, नंतर एकही नाही. पहिली, दुर्बिणीच्या ऑपरेशननं अंडाशय वर, बरगड्यांच्या दिशेनं सरकवून बांधून ठेवणं, म्हणजे ते लाईटच्या वाटेतून बाहेर येतात. प्रत्येक वेळी ते वाचतात असं नाही. थोडे किरण तिथवरही पोचतात, रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. पण तिशीच्या बाईला हा पर्याय विचारून पाहण्यासारखा नक्कीच आहे. दुसरी, अंडी गोठवून ठेवणं. त्याला इंजेक्शनं धरून साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे आज फोन केला तर तीन आठवड्यांत बसतं. कॅन्सरच्या डॉक्टरांना आणि वंध्यत्वाच्या डॉक्टरांना एकाच दिवशी भेटा आणि दोघांना एकमेकांशी बोलायला सांगा. कॅन्सरचा उपचार मात्र यासाठी महिनोन्‌महिने पुढे ढकलायचा नाही.

हे सांगताना आणखी एक कटू गोष्ट सांगावी लागते. लाईट पिशवीलाही लागते, आणि त्यानंतर तिच्यात मूल वाढवणं अवघड, बऱ्याचदा अशक्य असतं. अंडी असली तरी मूल कदाचित सरोगसीनं होईल, आणि आपल्याकडे २०२१ च्या कायद्यानं त्याच्या अटी ठरवल्या आहेत. होणाऱ्या नवऱ्याला हे लग्नाआधी तिनं स्वतः, किंवा तिच्या परवानगीनं तुम्ही, सांगा. तिला न विचारता घरच्यांनी परस्पर सांगू नये.

अंडाशय वाचले नाहीत तरी गुदाशयाचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा नाही, त्यामुळे पुढे तिला हार्मोन देताना त्या कारणानं अडणार नाही.

लाईटनंतर पाळी गेली, वय ४१. हार्मोनची भीती वाटते म्हणून शतावरी कल्प आणि सोयाच्या कॅप्सूल सुरू केल्या आहेत. चालेल ना? (पुणे)

जेवणात सोयाबीन, टोफू खाल्लंत तर काही बिघडत नाही. कॅप्सूलचं तसं नाही. त्यात नेमकं किती काय आहे ते दर बाटलीला बदलू शकतं. शतावरीनं हाडं आणि हृदय राखलं जातं असं मानायला आधार नाही, आणि तुमच्या वयाला खरी गरज तीच आहे. ब्लॅक कोहोश नावाची आणखी एक वनस्पती दुकानात मिळते, तिनं काही जणांच्या यकृताला त्रास झालेला आहे. जे घेत असाल ते डॉक्टरांना दाखवा, बाटलीसकट. आणि हार्मोनची भीती नेमकी कशाची वाटते ते कागदावर लिहून न्या, म्हणजे त्यांना एकेका भीतीचं उत्तर देता येईल.

वय ३९. लाईट होऊन दोन वर्षं झाली. वर्षभर इस्ट्रोजेनची गोळी घेते, वाफा थांबल्या, झोप लागते. पिशवी आहे. मागच्या आठवड्यापासून अंगावरून थोडं थोडं जातंय. आई म्हणते पाळी परत आली, चांगलंच झालं. (सोलापूर)

ताई, याला पाळी समजून थांबू नका. तुमच्या पत्रात फक्त इस्ट्रोजेनचा उल्लेख आहे. सोबत प्रोजेस्टेरॉन दिलं आहे का ते चिठ्ठीवर पाहा. दिलं नसेल तर अस्तराच्या उरलेल्या पेशी वाढून रक्त येत असेल. काही वेळा लाईटनं पिशवीचं तोंड चिकटतं, रक्त आत साचतं आणि ओटीपोटात कळा येतात. आणि जुना आजार परत आला नाही ना, हेही पाहावंच लागतं. यातलं काय आहे ते आतली तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडली तर अस्तराचा तुकडा तपासून समजेल. पुढच्या तारखेची वाट न पाहता तीन-चार दिवसांत जा, गोळीचं पाकीट सोबत न्या, आणि ती चालू ठेवायची की थांबवायची हे तिथेच ठरवून घ्या.